भागूनही उरलेली तहान

१५ ऑगस्ट १६१७ रोजी लंडनमध्ये अ‍ॅन डन वारली. वय ३३. लग्नाला सोळावं वर्ष चालू होतं. बारावं बाळंतपण झालं, मूल मेलेलंच जन्मलं आणि आठवड्याभरात तापाने आईलाही नेलं. मागे सात मुलं आणि पंचेचाळिशीचा नवरा उरला. हा नवरा अडीच वर्षांपूर्वीच इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला होता, आणि चार वर्षांनी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन होणार होता. त्याचं नाव जॉन डन.

या मृत्यूनंतर केव्हातरी डनने चौदा ओळींची एक कविता लिहिली. त्याच्या ‘होली सॉनेट्स’ या धार्मिक सुनीतांच्या मालिकेत ती आज सतरावी म्हणून छापतात. डन गेल्यावर दोन वर्षांनी, १६३३ साली, त्याच्या कवितांचा पहिला संग्रह निघाला. त्यात ती नाही. त्याचा मित्र रोलंड वुडवर्ड याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या एकाच वहीत ती टिकली आणि छापखान्याचं तोंड तिने पाहिलं ते थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं ही कविता जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती. तिच्याबरोबर आणखी दोन सुनीतं त्याच वहीत राहिली. त्यातल्या एकात डन ख्रिस्तालाच विचारतो की तुझी खरी वधू, तुझं खरं चर्च कोणतं ते मला दाखव. सरकारी चर्चचा पगारी उपदेशक हा प्रश्न चारचौघांत विचारू शकत नव्हता. मला वाटतं, पत्नीवरचं सुनीतही त्याच कारणाने झाकलेलं राहिलं असावं. वरवर पाहता ते अगदी धर्मशुद्ध आहे. आतून मात्र ते देवाला फार अवघड जागी उभं करतं.

या कवितेचा रूढ अर्थ असा सांगितला जातो: कवीचं पत्नीवर प्रेम होतं, तिच्या गुणांकडे पाहता पाहता त्याला देवाचा शोध लागला, ती गेली, आणि आता त्याचं सगळं मन देवाकडे लागलं आहे. माणसावरचं प्रेम ही एक पायरी, देवावरचं प्रेम हा वरचा मजला. युरोपीय परंपरेत हा अर्थ तयार होताच. प्लेटोने सौंदर्याच्या पायऱ्या सांगितल्या होत्या, दांतेला मेलेली बिआत्रीस स्वर्गापर्यंत घेऊन गेली होती, पेत्रार्क मेलेल्या लॉराला आठवत पश्चात्तापाकडे वळला होता. डनही तीच वाट धरतो असं पहिल्या सहा ओळींपर्यंत वाटतं. पण सातव्या-आठव्या ओळीत तो ती पायरी स्वतःच्या पायाखालून काढून घेतो, आणि उरलेल्या सहा ओळींत वरच्या मजल्यावर काय चाललं आहे ते उघडं करतो. प्रेमाच्या दुःखावर श्रद्धेने घातलेली फुंकर मला या कवितेत दिसत नाही. इथे श्रद्धा हीच ती जागा आहे जिथे प्रेमाचा मिटलेला समजला गेलेला हिशोब पुन्हा उघडला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कवितेच्या रचनेतूनच सिद्ध करता येईल असं मला वाटतं.

त्याआधी त्या संसाराकडे पाहायला हवं, कारण हे प्रेम स्वस्तात मिळालेलं नव्हतं. १६०१ च्या डिसेंबरात, सर टॉमस एगर्टन या बड्या न्यायाधिकाऱ्याचा सचिव असताना, डनने अ‍ॅन मोरशी गुपचूप लग्न केलं. ती एगर्टनच्या पत्नीची भाची, सरे परगण्यातल्या लॉझलीच्या सर जॉर्ज मोर यांची मुलगी, वय सतराच्या आसपास. सासऱ्याला कळल्यावर डन काही काळ फ्लीटच्या तुरुंगात गेला आणि नोकरीही गेली. १६०२ च्या एप्रिलमध्ये धर्मन्यायालयाने लग्न वैध ठरवलं, पण हातात काही उरलं नव्हतं. पुढची दहा-बारा वर्षं नातलगांच्या आश्रयाने, मिचमच्या दमट घरात, मोठ्या लोकांच्या मेहरबानीची वाट बघण्यात गेली. त्याच काळात त्याने आत्महत्या प्रत्येक वेळी पापच असते असं नाही हे सिद्ध करणारा ग्रंथ लिहिला आणि जिवंतपणी छापला नाही. लग्नासाठी त्याने भविष्य दिलं. तेव्हा तिच्या मृत्यूनंतर ‘मला देव मिळाला’ असं हा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी ते सोपं वाक्य नसतं.

दुसरी गोष्ट धर्माची. डनचं घराणं कॅथलिक होतं. आईकडून नातं थेट सर टॉमस मोर यांच्या कुटुंबाशी पोहोचायचं, मामा जॅस्पर हेवूड जेझुइट होता आणि त्याने तुरुंग आणि हद्दपारी दोन्ही भोगली. १५९३ साली डनच्या धाकट्या भावाला, हेन्रीला, एका कॅथलिक धर्मगुरूला खोलीत आसरा दिला म्हणून पकडलं. खटला उभा राहण्याआधीच तो न्यूगेटच्या तुरुंगात तापाने मेला आणि पुढच्या वर्षी त्या धर्मगुरूला फाशी झाली. हा छळ किती लांबवर माणसं उधळत होता हे मराठी वाचकाला वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. विल्टशरमधला एक इंग्रज कॅथलिक तरुण देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि साष्टीत राहून त्याने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते आपले फादर स्टीफन्स. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून झालं, अ‍ॅनच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. स्टीफन्स यांनी श्रद्धा राखली आणि मायदेश सोडला. डनने मायदेश राखला आणि बापजाद्यांची श्रद्धा सोडली. कोणाचा सौदा खरा ठरला हे मी सांगणार नाही. मात्र सोडलेली श्रद्धा मनातून पुसली जात नाही, आणि ही कविता वाचताना ते फार उपयोगी पडतं.

आता कविता. सुरुवातीला कवी म्हणतो की जिच्यावर मी प्रेम केलं तिने निसर्गाचं शेवटचं देणं फेडलं. मृत्यूला देणं म्हणणं जुनंच आहे. पण ओळ ओलांडून वाक्य पुढे जातं तसं ते संदिग्ध होतं. एक अर्थ असा लागतो की तिचं मरण तिच्या आणि माझ्या भल्याचं ठरलं: ती स्वर्गात गेली आणि मी देवाकडे वळलो. दुसरा अर्थ नेमका उलटा: आता ती तिच्या भल्यालाही मेली आणि माझ्याही, म्हणजे ती स्वतःसाठी किंवा माझ्यासाठी आता काहीच करू शकत नाही. व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देतं. धर्मोपदेशक पहिला अर्थ उच्चारतो आणि विधुर दुसरा, वाक्य मात्र एकच.

या दुसऱ्या अर्थामागे धर्माचाही इतिहास आहे. कॅथलिक घरात वाढलेल्या मुलासाठी मेलेली माणसं पूर्ण तुटलेली नसत. जिवंतांनी त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, त्याने त्यांचा शुद्धिलोकातला काळ हलका होणार. स्वर्गात पोहोचलेल्यांनी जिवंतांसाठी देवाकडे शब्द टाकायचा. मृत्यूच्या दोन्ही बाजूंना देणं-घेणं चालू राहायचं. इंग्लंडच्या चर्चने १५७१ च्या एकोणचाळीस कलमांत शुद्धिलोकाची कल्पना आणि संतांचा धावा, दोन्ही निरर्थक ठरवले. म्हणजे १६१७ मध्ये डनला अधिकृतपणे अ‍ॅनसाठी प्रार्थना करता येत नव्हती, आणि अ‍ॅनकडे तर नाहीच. ती त्याच्या भल्याला मेली हे केवळ विरहाचं बोलणं राहत नाही, तो नव्या धर्मातला नियमच आहे. श्रद्धा बदलण्याची किंमत इथे, पत्नीच्या मरणाशी, त्याला पुन्हा एकदा मोजावी लागली. मालिकेतलं हे सुनीत मला सगळ्यांत जास्त हलवतं ते या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपाशी.

तिसऱ्या ओळीत तिचा आत्मा लवकरच स्वर्गात नेला गेला असं येतं. नेण्यासाठी डनने जे क्रियापद वापरलं आहे त्यात जबरदस्ती आहे, पळवून नेणं आहे. दुसऱ्या एका सुनीतात तो तसलीच जबरदस्ती देवाने आपल्यावर करावी अशी विनवणी करतो. तिथे ती त्याने मागितलेली होती. इथे ती दुसऱ्या कोणावर, न मागता झाली आहे. ‘लवकर’ हा शब्द तक्रार म्हणून येत नाही, माहिती म्हणून येतो. पण तेहतीस वर्षांच्या बाईबद्दल तो कुठल्याही स्वरात म्हटला तरी तक्रारच होतो. मग कवी जाहीर करतो की माझं मन आता पूर्णपणे स्वर्गातल्या गोष्टींवर आहे. स्वर्गातल्या गोष्टींमध्ये तीही आहे! हे वाक्य देवाला वाहिलेलं आहे की तिच्या मागे गेलेलं आहे, हे त्याच्या ‘पूर्णपणे’मुळेच सांगता येत नाही.

पुढच्या चार ओळींत प्रवाह आणि उगमाची प्रतिमा येते. तिच्या कौतुकाने माझ्या मनाला तुझा शोध घेण्याची धार आली, प्रवाहावरूनच उगम कळतो. इथवर प्लेटोची वाट सरळ आहे. उगम सापडला, देवाने तहान भागवली, असंही कवी सांगतो. आणि मग म्हणतो की तरीही एक पवित्र जलोदर मला वितळवतो आहे.

जलोदराबद्दल जुनी समजूत अशी की रोगी जितकं पाणी पितो तितकी त्याची तहान वाढते. रोमन कवी होरेसपासून नीतिकारांनी ही प्रतिमा लोभासाठी वापरली: पैशाने पैशाची हाव वाढते, तशी. चर्चमधल्या प्रवचनांतही ती हावरेपणाचीच खूण होती. डनच्या वाचकाला हे माहीत होतं. या रोगाला ‘पवित्र’ हे विशेषण लावणं म्हणजे एका दुर्गुणाला देवघरात नेऊन बसवणं आहे. प्रवाह दिसला, उगम सापडला, पाणी प्यायलं आणि तहान वाढली. मग ही तहान कशाची?

एक उत्तर धर्माच्या आतलं आहे आणि ते हलकं नाही. चौथ्या शतकातले नीसाचे ग्रेगरी म्हणत की देव अनंत आहे, म्हणून त्याची ओढ कधी पुरी होणार नाही, आणि ही अपुरी ओढ हाच जिवाचा उत्कर्ष आहे. या नजरेने जलोदर हे संतत्वाचं लक्षण ठरतं. दुसरं उत्तर साधं, माणसाचं आहे: त्याला पाणी हवं होतं ते त्या प्रवाहाचं. उगम कितीही निर्मळ असला तरी तो प्रवाह नव्हे, त्या प्रवाहाला काठ होते, वळणं होती, आवाज होता. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं ठरवायला कविता काहीच सोय ठेवत नाही. पहिलं उत्तर देणारे टीकाकार ‘पवित्र’ हा शब्द धरतात, दुसरं देणारे ‘जलोदर’ धरतात, आणि डनने दोघांना एकाच ओळीत बांधलं आहे. त्याच्या देहाला तहान कळते, ती कोणाची हे कळत नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं. ज्याने आपलं सर्वांत जवळचं माणूस नुकतंच गमावलं आहे त्याला आपल्या पोकळीचं नाव सांगता येत नसतं. येतं असं जो म्हणतो, तो बहुधा इतरांनी शिकवलेलं बोलत असतो.

इथे सॅम्युअल जॉन्सनची तक्रार आठवते. अठराव्या शतकात कवी कौलीचं चरित्र लिहिताना त्याने डनसारख्या कवींना ‘मेटाफिजिकल’ हे नाव चिकटवलं आणि ठपका ठेवला की ही मंडळी एकमेकांशी संबंध नसलेल्या कल्पना बळाने एकत्र जुंपतात, चातुर्य दाखवतात, हृदयाला हात घालत नाहीत. पत्नी गेली असताना जलोदर कसा सुचतो, असा प्रश्न आजही वाचक विचारतो. त्याचं उत्तर असं की काही माणसांचं दुःख विचारातच चढतं. रडण्याआधी विचार करायचा आणि मग रडायचं असं त्यांचं होत नाही, विचार करणं हेच त्यांचं रडणं असतं. १९१२ मध्ये ग्रिअर्सनने डनच्या कविता नव्याने संपादित केल्या आणि १९२१ मध्ये टी. एस. एलियटने लिहिलं की या कवींना विचार गुलाबाच्या वासासारखा थेट जाणवत असे. एलियटच्या काव्यविचाराचं वारं पुढे मर्ढेकरांच्या पिढीपर्यंत आलं आणि मराठी नवकवितेत विचार आणि भावना यांची फाळणी नाकारली गेली. अभंगात विठ्ठलाशी हुज्जत घालणारा भक्त आपल्याकडे शतकानुशतकं घराघरात असल्यामुळे, जॉन्सनची अडचण आपल्याला तशी परकीच आहे. तर्काने देवाला कोंडीत पकडणं म्हणजे भक्ती आटणं, असं आपण कधी मानलं नाही.

डननेही देवाला कोंडीत पकडलं आहे, फक्त हळू आवाजात. शेवटच्या सहा ओळींत सुनीताचं वळण येतं. कवी स्वतःलाच विचारतो: आणखी प्रेम कशाला मागू, जर तूच माझ्या आत्म्याची मनधरणी करतो आहेस आणि तिच्या बदल्यात तुझं सगळं देऊ करतो आहेस? इथे हस्तलिखितातलं विरामचिन्ह कुठे धरायचं यावर संपादकांत मतभेद आहेत. एका वाचनात देव तिच्या आत्म्यासाठी माझ्या आत्म्याकडे शब्द टाकतो, जणू मध्यस्थ होऊन आमचं पुन्हा जुळवतो. दुसऱ्या वाचनात तो तिच्या मोबदल्यात स्वतःचं सर्वस्व पुढे करतो. पहिल्या अर्थात देव सोयरिकीचा माणूस आहे, दुसऱ्यात खरेदीदार. दोन्हीत एक गोष्ट सारखी: पुढाकार देवाचा आहे. आपल्या विराण्यांत जीव विरहिणी असतो आणि ती देवाला साद घालते. इथे देव प्रियकर होऊन दाराशी आला आहे आणि विधुर घरात बसून आहे.

मग तो भयंकर विचार जवळ येतो, जो कविता उच्चारत नाही. कोणी तरी तिला ‘पळवून’ नेलं. तोच आता तिच्या जागी स्वतःला देऊ करतो आहे. देवाने प्रतिस्पर्ध्याला दूर केलं का? तिच्या प्रेमात असताना मी तुझा पूर्ण नव्हतो म्हणून तू तिला काढून घेतलंस का? धार्मिक सांत्वनाचं सर्वांत लाडकं वाक्य, ‘देवाने तुझ्या भल्यासाठीच केलं’, थोडं पुढे ढकललं की नेमकं इथे पोहोचतं. डन ते पुढे ढकलतो, पण शेवटचं पाऊल टाकत नाही. त्याऐवजी तो देवाचा मत्सर वर्णन करू लागतो.

मत्सर हा बायबलच्या देवाचा जुना स्वभाव. दहा आज्ञांतच तो सांगितलेला आहे. डन त्याला ‘कोमल’ म्हणतो आणि मग या मत्सराचा पसारा दाखवतो. देवाला भीती आहे की कवी आपलं प्रेम संत आणि देवदूत अशा दिव्य गोष्टींना देऊन बसेल. इतकंच नाही, त्याला अशीही शंका आहे की जग, देह आणि सैतान मिळून त्यालाच हुसकावून लावतील. कविता इथे संपते.

आता या यादीत अ‍ॅन कुठे आहे? तिसऱ्या ओळीप्रमाणे तिचा आत्मा स्वर्गात आहे, म्हणजे ती संतांमध्ये मोजायची. मग देवाची पहिली भीती सरळ तिच्याबद्दल आहे, आणि त्या भीतीत जुन्या धर्माचीही सावली आहे, कारण संतांवर प्रेम करणं हाच तर प्रॉटेस्टंटांच्या दृष्टीने कॅथलिकांचा दोष. मेलेल्या पत्नीवरचं प्रेम त्याला बालपणीच्या, सोडून दिलेल्या श्रद्धेकडे ओढून नेऊ शकतं. पण अ‍ॅन ही देहही होती. सोळा वर्षांचा संसार, बारा बाळंतपणं, त्याच्या तारुण्यातल्या प्रेमकवितांनी ज्याचा उत्सव केला ते सगळं ‘देह’ या शब्दात येतं. मग देवाची दुसरी शंकाही तिच्याबद्दल आहे. देव डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी तिला घाबरतो. सगळी परंपरा सांगते की मृत्यू प्रेमाला गाळून घेतो: देह खाली राहतो, आत्मा वर जातो, प्रेमही त्याच्याबरोबर शुद्ध होतं. कवितेच्या शेवटच्या यादीत असं गाळलेलं काहीच नाही. अ‍ॅन संतही आहे आणि देहही, आणि देवाला दोन्ही रूपांचं भय वाटतं, याचा अर्थ कवीच्या मनात दोन्ही रूपं जिवंत आहेत. डन देवाबद्दल बोलतो आहे, पण मनाची कबुली त्याची स्वतःची आहे.

इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. या सुनीतात अ‍ॅनचं नाव नाही, आणि ती कशाने गेली हेही नाही. ज्या बाळंतपणांनी तिला संपवलं त्यांत नवऱ्याचा वाटा होताच. कविता त्यावर गप्प आहे. पण डनने तिच्या थडग्यासाठी लॅटिनमध्ये मजकूर लिहिला. त्यात तिचं माहेर, तिचे नातलग, बारावं बाळंतपण, जगलेली सात मुलं, ताप, वय ३३, सगळं आहे. तिथे तो असंही लिहितो की दुःखाने बोलता येईना म्हणून मीच या दगडाला बोलायला लावलं, आणि देवाच्या मर्जीने याच जागी नव्या लग्नात माझी राख तिच्या राखेशी जोडली जावी. म्हणजे दगडावर देह आणि कागदावर आत्मा अशी त्याने वाटणी केली. दगडावरचा डन मला जास्त धीट वाटतो. पुढे तो डीन झाला, १६३१ मध्ये वारला आणि सेंट पॉल्समध्ये पुरला गेला. अ‍ॅन जिथे पुरली होती त्या सेंट क्लेमंट डेन्स चर्चमध्येच राहिली आणि ते चर्च नव्याने बांधलं गेलं तेव्हा तिचं थडगंही गेलं. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. मुलांना सावत्र आईच्या हाती देणार नाही असा शब्द त्याने दिला होता, असं त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. हे सगळं जोडून पाहिलं की सुनीतातल्या अनामिक ‘तिला’ पुन्हा वजन येतं. मात्र तिचा स्वतःचा आवाज कुठेच नाही, तिने लिहिलेलं एकही पत्र आपल्याकडे नाही, आणि कवीच्या प्रतिभेने ती उणीव भरून काढली असं मी मानणार नाही.

एक आक्षेप रास्त आहे. मी या कवितेत शंका फार पाहतो आहे असं श्रद्धावान वाचक म्हणेल. तो म्हणेल की शेवट देवाच्या मत्सरावर होतो, आणि मत्सर हा प्रेमाचाच पुरावा आहे. ज्याला तुमच्याशी देणंघेणं नाही तो तुमचा मत्सर करत नाही. विधुराला आता कोणाला आपण अख्खे हवे आहोत असं वाटत नाही. ज्या एका बाईने स्वतःचं घर सोडून त्याला अख्खा मागितला होता, ती गेली. आता तीच मागणी देव करतो. हे सांत्वन नव्हे तर काय?

मला हा आक्षेप मोलाचा वाटतो, आणि त्यातलं अर्धं मी मान्य करतो. या कवितेत श्रद्धेची खरी ऊब आहे ती याच जागी: आपण कोणाला तरी हवे आहोत. ‘कोमल’ हे विशेषण फुकट आलेलं नाही. पण कोणाला तरी हवं असणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवितेत देवाची भीती मिटत नाही. ‘घाबरू नकोस, मी तुझाच आहे’ असं उत्तर कवी देऊ शकला असता, सुनीताच्या शेवटच्या दोन यमकबद्ध ओळी असल्या उत्तरासाठीच असतात. त्याने त्या देवाच्या शंकेला दिल्या. म्हणजे शेवटी असुरक्षित देव आहे आणि समोर न बोलणारा माणूस. शब्द देण्याची पाळी त्याच्यावर आली होती आणि त्याने शब्द दिला नाही. खोटा शब्द देण्यापेक्षा न देणं त्याने पत्करलं, आणि या न दिलेल्या शब्दात मला त्याच्या श्रद्धेचा कस दिसतो. ज्या देवाशी खोटं बोलता येतं त्याच्यावर श्रद्धा ठेवण्यात फारसं काही नाही.

याच्या शेजारी डनचीच एक जुनी कविता ठेवली की फरक लख्ख दिसतो. परदेशी निघताना निरोपासाठी लिहिलेल्या त्या कवितेत दोन जिवांना त्याने कंपासच्या दोन पायांची उपमा दिली. वॉल्टनच्या सांगण्याप्रमाणे ती १६११ मध्ये फ्रान्सला जाताना अ‍ॅनसाठी होती. एक पाय केंद्रावर स्थिर, दुसरा कितीही फिरला तरी केंद्रावरच्या पायाच्या आधाराने वर्तुळ पुरं करून परत येतो. त्या कवितेत दूर जाणारा तो होता आणि स्थिर ती. सतराव्या सुनीतात स्थिर पाय उचलला गेला आहे. आता केंद्र देव आहे, असं पहिल्या चार ओळी म्हणतात. पण वर्तुळ जुळत नाही. केंद्र बदललं तरी फिरणाऱ्या पायाला जुन्या अंतराची सवय असते, आणि तहान वाढवणारी आठवी ओळ ती सवय सांगते.

डनने पुढे चौदा वर्षं प्रवचनं दिली, १६२३ च्या आजारात मृत्यूवर चिंतनं लिहिली आणि १६३१ च्या फेब्रुवारीत राजा चार्ल्ससमोर शेवटचं प्रवचनही मृत्यूवरच दिलं. त्या सगळ्या गद्यात त्याचा आवाज भरदार आहे, पुनरुत्थानाची खात्री ठाम आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. हजारोंसमोर बोलताना माणूस संपूर्ण समाजाच्या वतीने आशा धरतो, आणि ती आशा त्याच्या एकट्याच्या मनापेक्षा मोठी असू शकते. पण प्रवचनांवरून सुनीताचा अर्थ लावणं मला पटत नाही. ते उलट्या दिशेने वाचायला हवं. व्यासपीठावरून मृत्यूचा पराभव जाहीर करणाऱ्या माणसाने मित्राच्या वहीत एक कागद ठेवला होता, ज्यात देव भरून पावला नव्हता आणि तोही भरून पावला नव्हता. हे ठाऊक असेल तर त्या प्रवचनांतली खात्री त्याने किती अडचणीतून उभी केली ते कळतं, आणि ती अधिक विश्वासार्ह वाटते.